माल घेणे चालू आहे

गफ्फारभाईनं तो पुठ्ठ्याचा तुकडा
तंबाखूच्या चिमटीसारखा माझ्या तळहातावर ठेवला.
"पेंटर, तुमच्या कामाचा हाये का पाहा."
अल्लीपूरच्या बंद जिनिंगची तिजोरी
त्यानं किलोच्या भावानं उचलली होती.
खालच्या खणात हा एकटाच,
वाळवीनं सोडलेला.

मी आधी अक्षरं पाहिली. सवय आहे.
तांबडी, उजव्या अंगाला काळी सावली,
आणि शेवटी जागा संपली म्हणून
छापणाऱ्यानं एक अक्षर जरा दाबलेलं.
माझंही तसंच होतं:
"जिल्हा परिषद प्राथमिक शाळा" लिहिताना
शाळा नेहमी कोपऱ्यात अंग चोरून बसते.

अक्षरांखाली जहाज.
तीन डोलकाठ्या, पोट फुगलेली शिडं,
पाणी म्हणजे नुसत्या आडव्या रेघा,
डवरलेल्या वावरासारख्या.

इंग्रजी क्षेमानं वाचलं, माझ्या पोरीनं,
नववीत आहे, अडखळत:
जहाजाचं नाव चंदेरी बगळा.
मुंबई बंदरातून लिव्हरपूलला.
माल घेणे चालू आहे.
निम्मा भरून झाला, उरलेली जागा थोडी,
येत्या आठवड्यात नक्की निघणार.
"बाबा, कोणता आठवडा?"
तारीखच नव्हती.

मला हसू आलं.
बियाण्यांच्या कंपन्यांसाठी मी पंधरा वर्षं भिंती रंगवल्या,
हमखास उतारा, मर्यादित साठा, आजच न्या,
तारीख कधी टाकू दिली नाही त्यांनी.
तारीख टाकली की भिंत शिळी होते.
पुढे फ्लेक्स आला आणि भिंतीच शिळ्या झाल्या,
ते जाऊ द्या.

मागच्या बाजूला मोडी.
ती घेऊन हिंगणघाटला गेलो, नत्थूजी कुंभलकरांकडे,
भूमिअभिलेखातून निवृत्त, एका डोळ्यात मोतीबिंदू.
भिंग धरून एकेक ओळ उकलत गेले,
दाव्याची गाठ सोडवावी तसे.

सात बोजे. दोन ओले. वजन पुन्हा करणे.
सुतळी. मीठ.
काट्याला तेल.
गाड्या दहा सांगितल्या, आठ आल्या.

मग थांबले. भिंग धोतराला पुसलं.
"पेंटर, ह्या ओळीत हिशेब नाही."

जहाज कसे असते ते विचारणे.

मापारी असेल.
दिवसभर दुसऱ्याचा कापूस तोलणारा,
मिशीत, पापण्यांत, कानात रुई.
हे बोजे जातात कुठं
हे त्याला गुमास्त्यानं कार्ड देऊन सांगितलं असेल.
पण चित्र तर हातातच होतं त्याच्या!
उलटवलं की जहाज, तांबडं-काळं, शिडांसकट,
आणि त्याच्याच पाठीवर त्यानं लिहिलं,
कसे असते ते विचारणे.

म्हणजे चित्रानं त्याचं भागलं नव्हतं.
ते रात्री थांबतं का? पुढं कंदील घेऊन कोणी चालतं का?
ओल्या बोज्याचा वास त्याच्या पोटात किती दिवस राहतो?
आजवर चित्रांवरच पोट भरलं मी.
ती ओळ मला लागली.

दिवाळीनंतर विनायक काळमेघनं ट्रॉली आणली,
मागच्या फळक्यावर नंदी पाहिजे म्हणाला.
हात नंदीकडे वळेना.
समुद्र मी पाहिलेला नाही,
वणेचा पूर तेवढा पाहिला आहे, गढूळ.
निळा डबा अर्ध्यात संपला,
उरलेलं पाणी हिरवं केलं, शेतीच्या रंगाचं.

"हे काय काहाडलं पेंटर? म्या तं नंदी सांगतला होता!"
अर्ध्या पैशात दिली.
आता सडकेनं कापूस भरून जाते ती,
वर बांधलेली चादर वाऱ्यानं फुगते,
मागं बगळ्याचं जहाज धुळीनं भुरकट,
त्यामागं सायकलवर शाळेतली पोरं.

परवा एकानं पाय टेकवून विचारलं,
"काका, येवढं वजन घेऊन
हे खरंच पान्यावर ऱ्हायते का हो?"

ब्रश रॉकेलमध्ये होता.
विचारून सांगतो, म्हटलं.